किलोला चौदा रुपये : आमच्या महाविद्यालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय विश्वस्त मंडळी,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात एका दुपारी आपल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सेवकाचा मला फोन आला. "बेन, तमारी चोपडीओ पस्तीमां जाय छे." म्हणजे, बाई, तुमच्या वह्या रद्दीत चालल्यात. मी ताट तसंच झाकून ठेवलं आणि रिक्षा पकडली. पोचेपर्यंत हातलारी फाटकाबाहेर पडली होती. वडोदऱ्याच्या न्यायमंदिराच्या अलीकडे ती मला गाठता आली. वर जुन्या प्रश्नपत्रिका, त्याखाली कुठल्याशा परिषदेची माहितीपत्रकं आणि तळाशी सुतळीनं बांधलेल्या माझ्या वह्या. पस्तीवाला भला माणूस. त्यानं उन्हातच काटा काढला, गठ्ठे तोलले आणि तुम्हाला दिलेल्या भावातच मला दिले, किलोला चौदा रुपये. वर एक रुपयाही घेतला नाही. 19 वह्या परत आल्या. एकूण 47 होत्या. बाकीच्या आदल्या दिवशीच्या फेरीत गेल्या होत्या.

हे सगळं मी तुम्हाला आधी बंद पाकिटात लिहिलं, दोनदा. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते. संस्थेचं नाव घालत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना कळून काही साधणार नाही, कारण अशी आवराआवर एकट्या आपल्याकडेच होते असं नाही. गुजराती प्रत वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहायचं कारण इतकंच, की मंडळातले निम्मे जण दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे, माझ्या माहेरच्या वाड्याला ओळखणारे आहेत. आणि रागवायचं तर आपल्या भाषेत रागवावं.

मी या प्रयोगशाळेत 1982 साली आले आणि 2016 साली निवृत्त झाले. चौतीस वर्षं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरावर काय करतात त्याचा अभ्यास, आणि त्यात दमा. विषय मी निवडला असं म्हणणं खोटं ठरेल, तो आमच्या घरी आधीपासून राहत होता. आई रात्री दोनला उठून बसायची. मांडीवर उशी, उशीवर कोपरं, तोंड खिडकीकडे. एका श्वासाला एक शब्द. पुढचे शब्द मी आणि भाऊ मनातल्या मनात जुळवायचो. अडुळशाचा काढा झाला, डेरिफायलिन झाली, दवाखान्यात शिरेतून अमिनोफायलिन झालं. एका जूनमध्ये आजोबा तिला मृगाच्या माशासाठी, दम्यावरचं औषध म्हणून गिळायला देतात त्यासाठी, हैदराबादलाही घेऊन गेले. शुद्ध शाकाहारी बाई, डोळे मिटून जिवंत मासा गिळून आली. दिवाळीत पुन्हा ती खिडकी. समोरच्या काकूंना मात्र त्याच माशानं गुण आला असं सगळा वाडा सांगायचा. तेव्हापासून मला एक प्रश्न पडलेला आहे. ज्यांना गुण आला नाही, त्यांची यादी कुणाकडे असते?

माझी सगळी नोकरी ही त्या यादीची नोकरी होती. वह्यांत तीच होती.

तुमच्यापैकी कुणी त्या उघडून पाहिल्या नसाव्यात, म्हणून आत काय होतं ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे कायमोग्राफ होता, फिरत्या ड्रमवर रेघ उमटवणारं यंत्र. गुळगुळीत कागद ड्रमला घट्ट चिकटवायचा, ड्रम धुरावर फिरवत त्यावर एकसारखी काजळी धरायची. (दम्यावर काम करणारी आम्ही माणसं त्या खोलीत खोकत असायचो. त्यातला विनोद तेव्हा कळला नाही.) गिनीपिगच्या श्वासनलिकेच्या बारीक चकत्या कापून दोऱ्यानं साखळीसारख्या एकमेकींना बांधायच्या, 37 अंशांच्या मिठाच्या द्रावणात टांगायच्या, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे. हिस्टामिनचा, म्हणजे श्वासनलिका आकसवणाऱ्या रसायनाचा, थेंब पडला की साखळी आकसते, तिला जोडलेली काडी काजळी खरवडते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. आतडं चटकन उत्तर देतं. श्वासनलिका मात्र सावकाश, मिजाशीत. एका रेघेसाठी बराच वेळ ताटकळायचं. मग तो कागद लाखेच्या पातळ रोगणात बुडवून दोरीवर कपड्यांसारखा वाळत घालायचा, पट्ट्या कापायच्या, वहीत डकवायच्या आणि बाजूला लिहायचं : तारीख, प्राण्याचं वजन, मात्रा, द्रावण कुणी बनवलं, वीज कधी गेली. पुढे यंत्रं बदलली, पेन आली, संगणक आले. लिहायची शिस्त तीच राहिली.

त्यातली 23 नंबरची वही. आठ महिने आम्ही एका वनस्पतीचा अर्क तपासत होतो. आकसलेली श्वासनलिका त्या अर्कानं सुंदर सैल पडायची. मी शोधनिबंधाचा मसुदाही लिहायला घेतला होता. माझ्याकडची एक एम.फार्म.ची मुलगी, स्वभावानं जरा हट्टी, म्हणाली, मॅडम, अर्क न घालता नुसतं अल्कोहोल घालून बघू या का, तेवढ्याच मात्रेत? कंट्रोल, म्हणजे ताडून पाहायला अर्काशिवाय केलेले प्रयोग, घेतले होते, पण कमी मात्रेचे, आणि ती चूक माझी. बघितलं. रेघ तशीच खाली आली. आठ महिने आम्ही अर्क ज्यात विरघळवला त्या अल्कोहोलचाच गुण मोजत होतो. तिनं लाल शाईनं पानावर लिहिलं, "सॉल्व्हंट!" निबंध अर्थातच छापला गेला नाही. वनस्पतीचं नाव मी इथे सांगत नाही, तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. पण मात्रा किती, अल्कोहोल किती, रेघ किती घसरली, हे पुढे तोच अर्क हातात घेणाऱ्याला कळायला हवं होतं. आता ते फक्त माझ्या आठवणीत आहे, आणि आठवण हा पुरावा नव्हे, हे मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं.

वह्या आवरायला घेतल्या तेव्हा एका पदाधिकाऱ्यांनी म्हटलं म्हणे, की यात छापण्यासारखं असतं तर छापलं नसतं का? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

1938 मध्ये मेलबर्नला फेल्डबर्ग आणि केलावे हे शास्त्रज्ञ नागाच्या विषावर काम करत होते. गिनीपिगच्या फुप्फुसातून विष फिरवलं की जे बाहेर येतं, त्यानं आतडं आकसायचं. त्यात हिस्टामिन असणार हे अपेक्षितच होतं. पण एक रेघ हिस्टामिनच्या रेघेसारखी वागेना, ती हळू चढायची आणि हळू उतरायची. पदार्थ कोणता, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी ती रेघ खोडली नाही, "हळू क्रिया करणारा पदार्थ" अशा अर्थाचं नाव देऊन ठेवून दिली. पुढची चाळीस वर्षं तो पदार्थ म्हणजे काजळीवरची एक आळशी रेघ, एवढीच त्याची ओळख. 1979 मध्ये स्वीडनच्या सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेनं त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याला ल्युकोट्रिन हे नाव मिळालं. 1982 मध्ये सॅम्युएलसन यांना नोबेल मिळालं, नेमकी मी रुजू झाले त्या वर्षी. 1998 मध्ये त्याच ल्युकोट्रिनला अडवणारी दम्याची गोळी, मॉन्टेलुकास्ट, बाजारात आली. आज वडोदऱ्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या फळीवर ती असते, आणि तुमच्यापैकी एकदोघांच्या घरातही असेल. ती घेणाऱ्यांच्या मन:स्थितीवर होणाऱ्या परिणामांबद्दल 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सर्वांत ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. तोही कुणीतरी "गोळी सुरू केल्यापासून पोरगं झोपेत ओरडतं" असल्या किरकोळ वाटणाऱ्या नोंदी ठेवल्या म्हणून.

आता आपल्या घराजवळचं उदाहरण. दमवेल तुम्हाला माहीत असेल, शास्त्रीय नाव टायलोफोरा इंडिका. तिची पानं चावून दमा जातो असं म्हणतात. दिल्लीत शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी तिची रीतसर दुहेरी-अंध चाचणी घेतली. म्हणजे खरं पान कुणाला आणि नकली कुणाला, हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. 1969 मध्ये निष्कर्ष छापला : गुण दिसतो. 1979 मध्ये दुसऱ्या एका भारतीय गटाची तशीच चाचणी छापून आली : म्हणण्यासारखा गुण दिसत नाही. दुसरा निबंध छापला गेला म्हणून आपल्याला माहीत. त्याच्या आगेमागे किती जणांनी घरच्या घरी, कॉलेजच्या कॉलेजात "नाही दिसत" असं लिहून कपाट बंद केलं असेल? आपल्या कपाटातही दमवेलीच्या दोन वह्या होत्या. त्या वाचलेल्या 19 मध्ये नाहीत.

आता तक्रारी सांगते.

सगळ्यांत मोठी तक्रार माझी नाही, त्या गिनीपिगांची आहे. पुढे त्यांचा वापर कमी झाला, प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल 1998 चे नियम आले, पदवीच्या वर्गातले प्रात्यक्षिक प्राणी जाऊन त्यांच्या जागी सॉफ्टवेअर आलं. पाँडिचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत डॉ. रवींद्रन यांनी बनवलेलं 'एक्सफार्म' मीही वर्गात वापरलं. संगणकातली श्वासनलिका कधी रुसत नाही, वीज गेली तर मरत नाही, आणि एका तासात साठ मुलांना एकसारखा आलेख देते. प्राणी वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. तुमच्या नव्या डिजिटल खोलीलाही माझा विरोध नाही, गैरसमज नको. पण रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये जी तीन तत्त्वं मांडली, पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, त्यांतलं दुसरं वह्यांवरच उभं आहे. त्या वह्यांच्या पानापानावर एकेका प्राण्याचं वजन आणि तारीख आहे. तो प्रयोग झाला होता हे पुढच्या माणसाला कळलंच नाही, तर तो तेवढेच प्राणी पुन्हा घेणार. चौदा रुपयांनी विकली ती पानं त्या जिवांच्या बदल्यात आलेली होती.

दुसरी : मला विचारलं नाही. माझा फोन नंबर कचेरीत आहे, निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी दरवर्षी तुम्ही तो वापरता. तपासणी समिती येणार, कपाटं रिकामी हवीत, हे समजू शकते. एक फोन केला असता तर मी टेम्पो घेऊन आले असते. ज्या विद्यार्थ्यांची अक्षरं त्या वह्यांत आहेत, त्यांतले कित्येक आज याच शहरातल्या आणि अंकलेश्वरच्या कंपन्यांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांनाही कळवलं नाही. उरलेली उपकरणं, श्वासनलिका टांगायची दोन भांडी (ऑर्गन बाथ), पितळी तरफा, तो जुना ड्रम, भंगारात कितीला गेली ते मी विचारणार नाही. विचारवत नाही.

तिसरी तक्रार शनिवारच्या टेबलाची. तुम्हाला ती क्षुल्लक वाटेल, मला वाटत नाही.

फाटकाजवळच्या निंबाखाली दर शनिवारी दहा ते बारा आमची मुलं टेबल टाकून बसायची. टेबलावर दम्याचे रिकामे पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी), श्वासाचा जोर मोजणारा एक पीक-फ्लो मीटर. येईल त्याला पंप कसा घ्यायचा ते दाखवायचं, बस्. औषध द्यायचं नाही, बदलायचं नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. मांडवीचा एक रिक्षावाला दोन महिने रोटाकॅप, म्हणजे श्वासातून ओढायच्या औषधाची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळत होता आणि "गुण नाही" म्हणून तक्रार करत होता. एक आजोबा पंप दाबायचे आणि मग श्वास घ्यायचे, औषधाचा ढग ओठांतून उदबत्तीच्या धुरासारखा बाहेर. त्यांना हलवा, आधी श्वास सोडा, मग सावकाश ओढत दाबा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, एवढं शिकवायला चार शनिवार लागले. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ. ज्यांना स्पेसर परवडत नव्हता त्यांना मुलं पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा बनवून द्यायची. ही युक्ती आमची नव्हे, केप टाऊनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये लहान मुलांवर तपासून दाखवलेली आहे.

"पंप लागला की सुटत नाही" हे वाक्य मी त्या टेबलावर किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. माझी आईसुद्धा हेच म्हणायची, प्राध्यापिकेची आई असून. तिला मी शेवटी हिशेब मांडून दाखवला होता, तुम्हालाही दाखवते. साल्ब्युटामॉलची मोठ्यांची गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. दोन दाब घेतले तरी गोळीच्या विसाव्या हिश्श्याएवढंच औषध, आणि तेही थेट जिथे हवं तिथे. गोळी सगळ्या अंगभर फिरते, म्हणून हात कापतात, छाती धडधडते. आई म्हणाली, मग एवढी वर्षं मला कुणी का नाही सांगितलं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शनिवारचं टेबल त्या प्रश्नातून आलं.

उलट बाजूही तिथेच सांगायची असायची. नुसत्या साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपावर वर्षानुवर्षं काढणं धोक्याचं आहे. तो नळी उघडतो, आतली सूज तशीच ठेवतो. 2019 पासून 'गिना' या दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनातही स्पष्ट आहे, की मोठ्यांना आणि वयात आलेल्या मुलांना केवळ तेवढ्यावर ठेवू नये. भारतात जगातली 18 टक्के माणसं राहतात आणि श्वसनाच्या दीर्घ विकारांमुळे जगभर गमावल्या जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांतला 32 टक्के वाटा आपला, हे 2016 चे आकडे आहेत. त्या दोन आकड्यांमधल्या दरीत रोटाकॅप गिळणारे आणि निळ्यावर भागवणारे कितीतरी असणार. असं टेबल "बाहेरच्यांना आवारात प्रवेश नाही" या एका ओळीच्या सूचनेनं बंद झालं. आता आपली मुलं पंपाच्या औषधांची रासायनिक रचना पाठ म्हणतात आणि पंप उलटा धरतात. मी पाहिलंय.

या शहराला औषधं नवी नाहीत. 1907 मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी इथे उभी राहिली, तेव्हा गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर हे आपल्यातलं नावही होतं. आणि कागद जपणंही या शहराला नवं नाही. इथल्याच प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात खंडांत निघाली. देशभरच्या पोथ्या ताडून एक पाठ वर छापला आणि जे पाठ नाकारले ते तळटीपेत ठेवले, एकेक अक्षरासकट. का? उद्या कुणाला वाटलं की संपादक चुकले, तर त्याला तपासता यावं. तुम्ही ज्याला रद्दी म्हणालात ते आमचे पाठभेद होते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि एकाही मागणीला फार पैसा लागत नाही.

पुढची विक्री आजपासून थांबवा. तळघरातल्या लोखंडी कपाटात 2005 नंतरच्या काही वह्या अजून आहेत असं मला कळलं आहे. त्यांना हात लावण्याआधी ज्यांची अक्षरं आत आहेत त्यांना लेखी कळवा, तीन महिन्यांची मुदत द्या. भंगारवाल्याची आणि पस्तीवाल्याची पावती कचेरीत असेल, ती मला दाखवा. कुणावर ठपका ठेवायचा नाही, माल पुढे कुठे गेला ते शोधायचं आहे.

जे उरलं आहे त्याची छायाचित्रं काढून ग्रंथालयात ठेवा, मागेल त्याला पाहू द्या. हे अवघड नाही. माझ्या 19 वह्या मी आणि भाच्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर, साध्या फोननं, तीन आठवड्यांत उतरवून काढल्या. त्या फाइली मी संस्थेला फुकट देते. अट एकच, चुकलेल्या प्रयोगांची पानं गाळायची नाहीत.

प्रयोगशाळेच्या वह्या किती वर्षं ठेवायच्या आणि कुणाच्या सहीनं काढायच्या, याचा एक पानाचा नियम करा. आज आपल्याकडे तुटलेली खुर्ची काढायला तीन सह्या लागतात. वह्यांना एकही लागली नाही.

आणि शनिवारचं टेबल पुन्हा सुरू करा. आवारात नको असेल तर फाटकाबाहेर. सावलीसाठी छत्री मी आणते.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी दोन रिकाम्या ट्रंका घेऊन कचेरीत येणार आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेवढं कळवून ठेवा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, फार्माकॉलॉजी विभाग
वडोदरा

ता. क. : हे विश्वस्तांसाठी नाही, बाकी सगळ्यांसाठी. 23 नंबरची वही काळ्या कापडी पुठ्ठ्याची आहे, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा. काजळीच्या चकचकीत पट्ट्या डकवलेल्या आहेत, आणि मधल्या एका पानावर लाल शाईत "सॉल्व्हंट!" असं लिहिलेलं आहे. खाऱ्या सिंगच्या (शेंगदाण्यांच्या) पुडीवर असं पान आलं, तर सिंग खाऊन टाका आणि पान तेवढं माझ्यासाठी ठेवा.